माशीचं देणं

दोंडाईच्याच्या पुढच्या डोंगरावर फुलोरी माशीचं मोहोळ काढावं तर हबीबभाईनंच, असं सगळी पंचक्रोशी म्हणायची, आणि खोटं नाही म्हणायची. साठीचा माणूस, पण झुडपात हात घालताना श्वासही जपून घ्यायचा. वरचा मधाचा भाग तेवढा कापायचा आणि खालचा पिलांचा भाग सुतळीनं पुन्हा फांदीला बांधून द्यायचा. माशी एकदा रुसली तर पुढल्या साली तोंड दाखवत नाही, हे त्याच्या बापानं शिकवलेलं.

बापाचंच आणखी एक शिकवणं होतं. मध घेतला की माशीचं देणं द्यायचं. डोंगरावरच्याच रानतिळाचं, कुर्डूचं, कोरांटीचं बी वर्षभर गोळा करायचं आणि पेरणीच्या दिवसांत उतारावर मूठमूठ उधळायचं. त्याची बायको नूरबी थट्टा करायची, की एवढी काळजी माझ्या माहेरच्यांची घेतली असती तर! हबीब हसायचा आणि बी पाखडत बसायचा.

चार वर्षांपूर्वी, ऐन पेरणीच्या तोंडावर, त्याचा लंगोटीयार यादव पोतंभर बी घेऊन आला. नारिंगी कॉसमॉसचं, झेंडूचा चुलतभाऊच म्हणा ना. तुझ्या मूठमूठ बियांनी काय होतंय, म्हणाला, याच्यावर माशा नुसत्या तुटून पडतात. आदल्या साली यादवच्या शेतात ते फुललेलं हबीबनं पाहिलं होतं. त्यात दोस्ताचा शब्द. त्यानं अख्खं पोतं डोंगरावर रिकामं केलं.

आणि काय सांगावं, खरंच तुटून पडल्या हो! दसऱ्याला सगळा उतार नारिंगी. पोरीबाळी फोटो काढायला यायच्या. मोहोळं मधानं लोंबायला लागली आणि हबीब जो भेटेल त्याला यादवचं नाव सांगत सुटला.

नव्याचे नऊ दिवस. माशा त्या नारिंगीवरच, आणि शेजारची कोरांटी फुलून नुसती उभी. तिच्याकडे माशी फिरकेना, तिच्या बोंडांत बी धरेना. रानतिळाचंही तेच. दुसऱ्या साली देणं द्यायला हबीबची मूठ भरली नाही. तिसऱ्या साली कंबरेएवढ्या कॉसमॉसखाली जुन्या फुलांचे कोंबही दिसेनात. बरं, हे नवं पाहुणं टिकेल तर शपथ! दिवाळी झाली की वाळून काडी. पूर्वी तिथून पुढे कोरांटी माशीला तारून न्यायची. आता डोंगरावर खायलाच काही नाही. यंदा पौषात हबीब गेला, तर झुडपांवर रिकामी पोळी, माशी एक नाही.

आधी त्याला माशीचाच राग आला. बापाच्या वेळेपासूनची ओळख, आणि दोन दिवसांच्या रंगाला भुलून घरच्या फुलांना विसरलीस? मग स्वतःचा आला. आपल्याच हातानं पायावर धोंडा! यादवचा राग मात्र त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. बिचाऱ्याच्या शेताचंही असंच झालं असेल, दोघं मिळून उपटायला लागू, म्हणून तो सकाळीच यादवच्या शेतावर गेला.

बांधावर कोरांटी पिवळीधमक होती. तिच्यावर माशा घोंघावत होत्या. कॉसमॉसचं औषधालासुद्धा एक खोड नव्हतं. हबीबनं यादवला हाक मारली आणि कॉसमॉस कुठं गेलं म्हणून विचारलं.

यादव विहिरीकडे बघत बोलला. ते तुरीत घुसत होतं, बांधावरचं बाकीचं सगळं दाबून टाकत होतं, म्हणून फुललं त्याच साली, हबीबला पोतं देण्याआधीच, मुळासकट उपटलं. बी तेवढं जाळायला जिवावर आलं. चार वर्षं एकत्र चहा प्यायला हा माणूस, पण ताकास तूर लागू दिली नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"मना वावरमा नको व्हतं, भो," यादव म्हणाला. "डोंगरवर कोन शे?"

"मी शे," हबीब म्हणाला.