मान आखडलेला अँटेनावाला

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाईलचा नवा स्मार्ट अँटेना बसवायला तो आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याची मान आखडलेली होती, त्यामुळे कोणी हाक मारली की तो पायापासून अख्खाच्या अख्खा त्या माणसाकडे वळायचा.

अँटेना माणूस बघून सिग्नल वळवतो, ही बातमी फुटली आणि ए विंगमधून कांदेपोहे आले. "तोंड आमच्याकडे ठेवा हं त्याचं!" लगेच बी विंगने साबुदाणा वडे पाठवले. सेक्रेटरी ओरडले, "आधी माझा फ्लॅट!"

तो वडा खातखात त्यांच्याकडे वळला. "काका, जुना अँटेना तुमच्यासारखा होता. सगळीकडे एकदम बोंबलायचा. हा नवा, जो फोनवर बोलतोय त्याच्याकडेच सिग्नल पाठवतो, दुसऱ्याला त्याचा वेगळा. म्हणून जास्त लोकांचं एकदम भागतं. वळतो तो सिग्नल, अँटेनाचा डबा जागचा हलतसुद्धा नाही."

कोणाला पटेल तर शपथ. शेवटी त्याने दोन्ही विंगना हळूच सांगितलं, "तुमच्याकडेच वळवलाय," आणि उरलेले वडे बांधून घेतले.

आता रेंज झकास आहे. पोह्यांमुळे की वड्यांमुळे, यावर भांडण चालू आहे.

काल मी हॉलमध्ये मोबाईल बघत बसलो होतो. तेवढ्यात बायकोचा फोन आला, तोही स्वयंपाकघरातून.

"कधीची हाका मारतेय! त्या बिचाऱ्याची मान आखडली होती, तरी वळायचा. तुमची कशाने आखडलीय?"