मागची खोली लागतीच का?

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या दुकानाचं काय ते ठरणार होतं. मी साडेनऊपासून घड्याळ बघत होते. दोनदा मीठ घातलं म्हणून एक भाजी अख्खी टाकून द्यावी लागली...

क्रांती चौकाजवळ आमचं छोटंसं दुकान आहे. पोळी-भाजी, भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सणावाराला पुरणपोळ्या. नऊ वर्षं झाली, पण गाळा भाड्याचा. मालक वैजापूरचे कदमकाका.

एक दिवस त्यांचा फोन आला, "ताई, गाळा विकायचाय. तुमाला आधी विचारतो." आठवड्यात कळलं, एक मोबाईलवालाही मागतोय. आणि आमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार आहे.

पोळ्या लाटणाऱ्या आशाताई आणि मंगलताईंना मी काही सांगितलंच नव्हतं. त्या दोघींची घरं या गाळ्यावर चालतात. दुसरीकडे जागा मिळेलही, पण गिऱ्हाईक मागे येईल का? रात्रंदिवस डोक्यात हेच...

बोलणी करायला माझे दीर आले, विनोदभाऊजी. ते पडेगावला फ्लॅट विकतात, बोलण्यात कुणाला ऐकायचे नाहीत. "वहिनी, तुम्ही फक्त गप्प बसा," म्हणाले. मला बरंच वाटलं.

काका आले. चेहरा ओढलेला, पण मी माझ्याच काळजीत होते. भाऊजींनी लगेच सुरुवात केली. पार्किंग नाही, छत गळतं, मार्केट थंड आहे... काका नुसती मान हलवत होते. मग मध्येच म्हणाले, "मागची खोली लागतीच का तुमाला?"

"लागणारच की! पूर्ण ताबा पाहिजे," भाऊजी म्हणाले.

त्यांचंही चूक नव्हतं. गाळ्यामागची ती खोली काकांनी भाड्यात कधी दिली नव्हती. तिचं दार मागच्या गल्लीत, कायम कुलूप. स्वयंपाक तिकडे न्यायचा, पुढं चार टेबलं टाकायची, हे मीच भाऊजींना सांगून ठेवलं होतं.

पुन्हा किमतीची बोलणी सुरू झाली. थोड्या वेळानं काका परत म्हणाले, "न्हाय, म्हंजी... ती खोली नसली तर चालत नाय का?" भाऊजींना वाटलं, ही भाव वाढवायची युक्ती. ते हसून म्हणाले, "खोली नाही तर भाव निम्मा, काका!"

काका हसले नाहीत. पिशवी उचलली आणि उठले. "ठीकंय मग. बघतो मी."

'आम्ही जास्त देतो' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. देणार कुठून होते, देव जाणे! पण तेवढ्यात जाणवलं, एकच गोष्ट या माणसानं दोनदा विचारली. पहिल्या वेळी मीसुद्धा ती ऐकली नव्हती.

काउंटरवर मी हे रोज करते. नेहमी सहा पोळ्या नेणाऱ्या मावशी 'आज दोनच द्या' म्हणाल्या, तर मला कळतं की विचारायला पाहिजे. मग स्वतःच्या दुकानाचा प्रश्न आला तेव्हा कान कुठे गेले होते माझे?

"काका, बसा. त्या खोलीचं काय आहे, सांगता का?"

भाऊजी बोलायला लागले, मी हातानंच थांबवलं. काकांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"डायलिसिस चालू झालंय माझं," ते म्हणाले. "हप्त्यातून तीनदा वैजापूरहून इथं दवाखान्यात यावं लागतं. झाल्यावर अंगात जीव राहत नाय, लगेच गाडीत बसलं की चक्कर येती. दोन तास आडवं व्हायला जागा पायजे, बस... पण गरजवंत दिसला की लोक भाव पाडतात, ताई. म्हणून बोललो नाय."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. खरं सांगू? क्षणभर माझ्याही मनात तेच आलं. लिहिताना लाज वाटतेय.

"खोली तुमच्याच नावावर राहू द्या," मी म्हणाले. "आम्हाला पुढचा गाळा द्या. खोली सोडून काय भाव घ्यायचा, ते तुम्हीच सांगा."

काकांनी सांगितलेला आकडा बँकेनं आम्हाला कबूल केलेल्या कर्जात बसत होता. मोबाईलवाला मधली भिंत पाडून आरपार दुकान करणार होता, हेही तेव्हाच कळलं. चार टेबलांचं स्वप्न गेलं... वाईट वाटलं, नाही असं नाही.

एवढं होऊन मी शहाणी झाले म्हणावं, तर तेही नाही. पुढच्याच वेळी काका आले, तेव्हा मी कौतुकानं ताट नेलं. लोणचं, पापड, चटणी, सगळं! काका ओशाळून म्हणाले, "ताई, मला यातलं काहीच चालत नाय." मग डॉक्टरांचा पथ्याचा कागद मागून घेतला, आणि आता त्यांची भाजी वेगळ्या पातेलीत होते.

रजिस्ट्री अजून व्हायची आहे. सही होईपर्यंत माझी धाकधूक काही जाणार नाही. पण काकांनी मनातलं माझ्याजवळ बोलून दाखवलं, याचे उपकार मी विसरणार नाही.

काल दुपारी भिंतीपलीकडून काकांचं घोरणं ऐकू आलं. आशाताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही तिघींनी लाटणी जरा हळू केली.