खांबेट्यांचा चहा

ऑपरेशननंतर बाळकृष्ण खांबेटे शांत झाले, या आनंदात पद्माताईंनी हिंदी मुलखातल्या त्यांच्या महानगर मोहल्ल्यात घरोघरी पेढे वाटले होते.

आनंद व्हावा असंच होतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातला हा इंजिनिअर सकाळचा चहा दोन मिनिटं लांबला तरी घड्याळ नाचवत घर डोक्यावर घ्यायचा. १९९४च्या उन्हाळ्यात हृदयाची झडप बदलली आणि दोन महिन्यांत स्वारी अगदी गरीब गाय झाली. चहा गार? चालेल. भाजी अळणी? चालेल. पद्माताईंना तीस वर्षांत असं सुख ठाऊक नव्हतं. नवऱ्याची पावलं सुजून चपलेत मावेनात, तरी त्या म्हणाल्या, "आराम मानवलाय!"

गणेशोत्सवात मंडळाच्या आरतीला झांज खांबेट्यांचीच. यंदा ती पहिल्याच कडव्यात थांबली. धाप लागून ते मटकन खाली बसले. लेकीने, मंजिरीने, मनगट धरून घड्याळ लावून नाडी मोजली.

"आई, सिर्फ छत्तीस!"

पद्माताईंना लख्ख कळलं. माणूस विझत चालला होता आणि आपण पेढे वाटत होतो! रिक्षात त्या नवऱ्याचा हात धरून सारख्या म्हणत होत्या, "ओरडा हो माझ्यावर, एकदा तरी ओरडा!"

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली. "ऊपर का सिग्नल नीचे पहुँच ही नहीं रहा. कभी-कभी वाल्व बदलने के बाद हो जाता है. धड़कन इतनी धीमी है, इसी से दिल थक गया, पानी भर गया."

खांबेट्यांचा चेहरा खुलला. "अहो, हे तर माझंच खातं! तार टाका नवी!"

तार पडली. छातीत पेसमेकर बसला, औषधांनी सूज उतरली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माताई चहा टाकत होत्या, तोच बाहेरून गर्जना आली.

"पद्मा! सात वाजून दोन मिनिटं! चहा काय अमौसी विमानतळावर उतरणार आहे?"

पद्माताई ओट्याला टेकून हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. मंजिरी कप घेऊन निघाली, तर त्यांनी तिचा हात धरला.

"थांब गं. अजून एकदा ओरडू दे."