चिमूटभर तपकिरीचा फेटा

पुसेगावचा संतराम नशिबानं जिंकला का हुन्नरानं, हा वाद आमच्या पारावर वर्षभर चालला. मी हुन्नरवाल्यांत होतो आणि घसा बसेस्तोवर भांडलो, म्हणून मलाच सांगू द्या.

संतराम म्हणजे तीन एकर कोरडवाहू, बायको द्वारकाबाई आणि कमरेला तपकिरीची डबी. चाळिशी गाठली तरी हुतूतूत त्याला कुणी घेत नसे, गड्यांना पाणी द्यायला तेवढं बोलवायचे. दरसाल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या साखरा गावच्या गड्यांशी आमचा सामना व्हायचा. रिवाज असा, की शेवटचा गडी ज्याच्या हातून बाद होईल त्याला त्या बाद गड्यानंच फेटा बांधायचा. संतरामच्या डोक्यावर लग्नानंतर फेटा चढला नव्हता. लेकरू जत्रेत पिपाणीसाठी झुरावं तसा तो त्या फेट्यासाठी झुरायचा.

१९३६ साली आमचे दोन गडी तापानं पडले आणि संतरामचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

खेळता खेळता दोन्हीकडं एकेक गडी उरला. तिकडं पिंजाऱ्याचा मकबूल, ज्याचा दम संपता संपत नसे. इकडं संतराम, कुणी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही म्हणून उरलेला. मकबूल 'हुतूतू' करत आमच्या हद्दीत शिरला. संतरामनं काय करावं? डबी उघडून चिमूट काढली. मी तर कपाळाला हात लावला. मकबूल झेपावला, त्याचा हात डबीला लागला, तपकीर त्याच्याच तोंडावर उडाली, आणि शिंकेसरशी दम तुटला तो आमच्या हद्दीत. मकबूल बाद. आमी जिंकलो.

साखऱ्याचे म्होरके उत्तमराव मोठे कायदेबाज. ते पुढं आले. "संतराम, तपकीर मुद्दाम उडवली असंल तर लबाडी झाली, फेटा न्हाई. आपसूक सांडली असंल तर नशीब झालं, मग फेटा मारुतीला बांधू. बोल."

म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर. संतराम फेट्याकडं बघून राहिला. मग म्हणाला, "सांडली आपसूकच. पन त्याच्या आधीच मी याचा दम मोजला व्हता. तुटायलाच आल्ता. शिंक न्हाई आली तरी बाद झालाच असता."

आमी टाळ्या पिटल्या. मकबूल नाक पुसत नुसता हसला आणि त्यानं फेटा बांधला.

तो फेटा संतराम औताला घालायचा, बाजाराला घालायचा. तपकिरीची बोटंही त्यालाच पुसायचा. पण पारावर वाद निघाला की हा गप उठून जायचा. द्वारकाबाई म्हणायची, "फेटा डोक्याला बांधलाय का जिवाला?" आमी म्हणायचो, केवढा हा विनय. आमच्या अकलेचा हा असा उजेड.

पुढच्या साली आमी संतरामला पहिला गडी धरला. उत्तमरावांनी सगळ्यांच्या कमरा तपासल्या, डबी द्वारकाबाईकडं गेली. मकबूल पहिल्याच खेपेला आला तो थेट संतरामकडं. शिवायची घाई न्हाई. एका दमात त्याच्याभोवती चार फेरे घातले, डोळ्यात डोळे घालून. आमचे गडी धरायचं सोडून त्याचा दम मोजत बसले. शेवटी खांद्याला अलगद बोट लावलं आणि हुतूतू म्हणतच आपल्या हद्दीत परत गेला. त्या साली आमी सपाटून हरलो.

सामना संपला तसा संतराम उठला. फेटा काढून मकबूलपुढं धरला.

"तुझा दम मी मोजला न्हवता. भ्यालो व्हतो. म्हून चिमूट काढली. मी खोटं बोललो, बाबा."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि वर्षभर भांडलेल्या माझ्या घशाची मला लाज वाटली.

"मला तवाच ठाऊक व्हतं, काका," मकबूल म्हणाला.

"मग काहून बांधलास?"

"तुमी फेट्याकडं बघून राहिलते, तेवढ्यासाठी."

त्यानं मान ठेवायला फेटा डोक्याला गुंडाळला. वर्षभराची तपकीर त्या पदरांत मुरलेली. दुसऱ्या वेढ्याला मकबूल असा शिंकला, की फेटा सुटून संतरामच्या हातात आला.

उत्तमरावांनी तोंड उघडलं, पण मकबूलनं त्यांना बोलू दिलं नाही. फेटा झटकला, संतरामला खाली बसवलं आणि पुन्हा बांधायला घेतला.

"ऱ्हाऊ द्या काका," तो म्हणाला. "ह्याला तुमचंच नाक लागतं."