चिंधूचा मामा व्यसनमुक्तीला जातो

मासवणचा चिंधू सूर्या नदीतली रेती बैलगाडीत भरून पालघरला बांधकामांवर टाकायचा. त्याच्या गाडीला दोन बैल होते. उजवा हिऱ्या, गरीब, पाण्याशिवाय काही न पिणारा. डावा मामा. हा बैल चिंधूने आपल्या सख्ख्या मामाकडून आणला, म्हणून त्याचं नाव मामा. आणि मामा दारुडा होता.

यात थट्टेचं काही नाही. पालघरच्या वाटेवर मंगळीची झोपडी होती. तिथे ती मोहाची दारू गाळायची. गाडी रिकामी करून परतताना चिंधू तिथे थांबायचा, स्वतः ग्लास घ्यायचा आणि मामापुढे आंबलेल्या मोहाची पाटी ठेवायचा. मामा ती चाटूनपुसून साफ करायचा. मग चिंधू गाडीत आडवा व्हायचा आणि दोन्ही बैल त्याला घरी आणायचे. मामा जरा तिरका चालायचा, हिऱ्या त्याला सावरून घ्यायचा.

गावाने हे सगळं चालवून घेतलं असतं. पण चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात चिंधूच्या मुलीला, नवसीला, बघायला पाहुणे आले आणि त्याच सकाळी दुसरेही पाहुणे आले. त्यांच्या जमातीत मुलाकडून आलेली मागणीची बाटली मुलीच्या बापाने प्यायली की होकार झाला असं धरत. चिंधूने आठवड्याच्या आत दोन्ही घरांच्या बाटल्या प्यायल्या होत्या आणि त्याला त्यातली एकही आठवत नव्हती. अंगणात दोन नवरे एकाच खाटेवर बसले. चिंधूची बायको भागी हिने दोघांना चहा दिला. शेवटी नवसीनेच एकाला पसंत केलं. दुसऱ्याकडच्यांना कोंबडा देऊन वाटेला लावलं.

पाहुणे गेल्यावर भागी म्हणाली, "आता तू पालघरला चलायचा. दवाखान्यात."

"मना काय झालाय?"

"तुला काय नाय झाला. पोरीला दोन नवरे झालं."

पालघरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात दारू सोडवायचा वॉर्ड नुकताच निघाला होता. चिंधू तिथे दाखल झाला. पहिले दिवस वाईट गेले. अंगाला काप सुटला आणि भिंतीवरून खेकडे चढताना दिसायला लागले. चिंधू ते टोपीत धरू लागला. शेजारच्या खाटेवर बोईसरच्या कारखान्यातला एक कामगार होता. त्यालाही ते दिसत असावेत, कारण तो "अरे, उधर एक और!" म्हणून दाखवायचा. डॉक्टर आले तेव्हा दोघे खाटेखाली शिरले होते.

हळूहळू खेकडे गेले. मग वॉर्डातल्या समुपदेशक विजयाबाई येऊन बसू लागल्या. त्या औषध देत नसत, नुसत्या बोलत. चिंधू मात्र बोलत नसे. त्या विचारत, तो छताकडे बघे.

"बरं, एवढंच सांगा," त्या एकदा म्हणाल्या. "पिता कोणाबरोबर?"

"मामासंगती."

"रोज?"

"रोज. आमी दोघं. हिऱ्या नाय पीत."

विजयाबाई गंभीर झाल्या. "चिंधू, घरातलाच माणूस पीत असेल तर तुमची सुटलेली पुन्हा लागेल. शुक्रवारी आमची बैठक असते. मामांनाही घेऊन या."

"येल," चिंधू म्हणाला. "पण हळू येल."

घरी आल्यावर पहिल्याच फेरीला, परतताना, मामा मंगळीच्या दारात थांबला. चिंधूने हाक दिली, शेपटी पिरगळली. मामा हलेना. मंगळी पाटी घेऊन बाहेर आली.

"तू नको पिऊ बाबा. त्या मुक्या जनावरानं काय केलाय?"

मोहाचा वास चिंधूच्या नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. आता खाली उतरलो तर संपलं, हे त्याला कळत होतं. तरी तो उतरला. पण झोपडीकडे न जाता त्याने मामाला सोडून गाडीच्या मागे बांधलं, जोखड स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि हिऱ्याच्या जोडीला उभा राहिला. हिऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि चालायला लागला. मागे दोर ताणला गेला तसा मामाही नाइलाजाने निघाला.

मासवणला लोक ओट्यावरून उठून बघत होते. "पीत होता तवा गाडीत झोपाचा," कोणीतरी म्हणालं. "शुद्धीवर आला नि बैल झाला."

शुक्रवारी चिंधू दवाखान्यात पोचला. विजयाबाईंनी विचारलं, "मामा कुठायत?"

"बायेर बांधलाय."

"बांधलाय?" म्हणत त्या धावतच बाहेर गेल्या आणि चिंचेखाली उभ्या असलेल्या बैलाला त्यांनी शिंगांपासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. मग आत येऊन म्हणाल्या, "सतरंजी बाहेर घ्या. आजची बैठक झाडाखाली."

सगळे मामाभोवती बसले. बैठकीच्या रिवाजाप्रमाणे नव्या आलेल्याने आपली हकीकत सांगायची असते. मामा बोलेना. विजयाबाई म्हणाल्या, "चिंधू, त्याच्या वतीने तुम्ही सांगा. त्याला कोणी लावली?"

चिंधू मामाच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

"मीच लावली," तो म्हणाला. "माजा पोरगा जिवल्या तापानं फणफणला होता. पावसाचे दिवस. गाडीत घातला नि दवाखान्यात निघालो, तं नदीला पूर. मामा पाण्यात शिरला छातीपर्यंत. पुढं जाईना. मी मारला त्याला, लय मारला. पोर गाडीतच गेला. मग मी मंगळीकडं बसाया लागलो. तो बायेर उभा राहून बघाचा. त्याच्यासमोर एकट्यानं प्यायची लाज वाटाची. म्हणून त्याला पण दिली."

मामाने शेण टाकलं. बोईसरचा तो कामगार उठला आणि पानांनी शेण बाजूला सारून पुन्हा जागेवर येऊन बसला.

"तो पुढे गेला असता तर तुम्ही सगळेच वाहून गेला असता," विजयाबाई म्हणाल्या.

"ते मना ठाव हाय," चिंधू म्हणाला. "म्हणूनच त्याच्याकडं बघवत नव्हता."

मामावर काय उपाय करायचा, यावर बैठकीत खूप चर्चा झाली. गुळाचं पाणी, लिंबू, देवाचा अंगारा असं सगळं निघालं. शेवटी विजयाबाईंनी वाट बदलायला सांगितलं. चिंधू शेतांच्या कडेने लांबचा फेरा घेऊ लागला. मामाने चारा सोडला, गोठ्यात फतकल मारली. चिंधू त्याच्याजवळ बसून मीठ चाटवायचा, पाठ चोळायचा. स्वतःला तलफ आली तरी उठून जायची सोय नव्हती, कारण तो उठला की मामा हंबरायचा.

होळीला चिंधू एकदा घसरला. पुढच्या शुक्रवारी त्याने ते आपल्या तोंडाने सांगितलं. "मी प्यालो. मामा नाय प्याला. मी देत होतो, त्यानं तोंड फिरवला," असं म्हणून तो रडला. विजयाबाईंनी त्याला कोरडे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले.

वर्षभर कोरड्या राहिलेल्यांचा दवाखान्यात सत्कार व्हायचा. चिंधूची पाळी आली तेव्हा मामाचंही नाव पुकारलं गेलं. ट्रस्टचे अध्यक्ष मुंबईहून आले होते. त्यांना वाटलं, मामा म्हणजे कोणी वडीलधारे गृहस्थ, म्हणून ते शाल घेऊन वाट बघत राहिले. बैल आला. अध्यक्ष माघार घेणारे नव्हते. त्यांनी शाल घातली, हार घातला. मामाने हार खाल्ला. मग अध्यक्षांच्या गळ्यातला झेंडूचा हारही ओढून खाल्ला, आणि अध्यक्ष मान वाकवून उभे राहिले.

भागी मागच्या रांगेत बसली होती. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. चिंधू व्यासपीठावरून तिच्याकडे बघत राहिला. जिवल्या गेल्यापासून त्याने हा आवाज ऐकला नव्हता. त्याला दोन शब्द बोलायचे होते, ते राहून गेले.

"चल," खाली उतरून तो तिला म्हणाला. "लांबच्या वाटंनं जायाचा हाय. उजेड हाय तवर निघू."

भागी गाडीत चढून मामाची शाल पांघरून बसली.