खिडकीपाशी घेतलेलं नाव

धान घरात आलं की बुढीले, म्हंजे माह्या बायकोले, समुद्र दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. खर्च बेतातला: स्लीपरचा डबा, रामेश्वरात धर्मशाळा अन् खायले घरचेच तांदूळ. सारं जमलं, अडलं ते बल्लारशा ठेसनाच्या तिकिटाच्या खिडकीपाशी. रिझर्वेशनचा फारम मले भरता येत नाई, अन् कोणाले भरून दे म्हणीन तर शपथ!

"चष्मा घरी राह्यला," मी उगाच बोललो.

मागच्या माणसानं कानावरचा पेन काढला अन् फारम आपल्या पिशवीवर धरला. बोलण्यात तेलगू हेल होता, सिरोंच्याकडचा असंन. "भाऊ, बाईचं नाव?"

चाळीस वर्षांत मी चारचौघांत तिचं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाईत. खिडकी बंद व्हायले आली.

त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. "सांगा. मी आयकून नाई राह्यलो, फक्त लिहून राह्यलो."

मी सांगितलं. मांगच्या बाकड्यावर बसलेली बुढी म्हणाली, "अगा बाई, आता म्हातारपणी!"

तिकिटात तिले खालचा बर्थ भेटला. तो त्यानं मी न सांगताच फारमात लिहिला होता. तिचे दुखरे गुडघे त्यानं कवा पाह्यले, कोण जाणे. जन्मात मी माणसापुढं हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले.