हजारावा कागद

छापखान्यात कोणी टाइपचा, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या छपाईचा, नमुना पुढे केला की गजभियेकाका तो न बघताच उलटा ठेवत. "पयला कागद खोटा बोलते," म्हणत, "मले हजारावा दाखवा." सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या त्या छापखान्याचे ते फोरमन. नव्या वस्तूवर त्यांचा विश्वास म्हणून नव्हता. शाईचा नवा डबा उघडला तरी आधी वास घेत.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी वडिलांचे इंग्रजी निबंध छापायला नेले. वडील इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांची नजर महिन्यागणिक मंदावत होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर पुस्तक त्यांच्या हाती पडावं, एवढीच माझी धडपड.

टाइप दोन होते, दोन्हींच्या अक्षरांना पाय, म्हणजे टोकांना छोट्या आडव्या रेघा. एक जुना, जाडसर, बसक्या पायांचा. दुसरा नुकताच आलेला. उभ्या रेघा ठसठशीत, आडव्या रेघा आणि पाय केसाएवढे बारीक. मी नव्यावर भाळलो.

"जुनाच घ्या भाऊ," काका म्हणाले. "हा मले बरा नाही वाटून राहिला."

माझ्या मनात पाल चुकचुकली. नवा टाइप एखाद्या बड्या गिऱ्हाइकासाठी दाबून ठेवला असणार! मी सरळ मालकांकडे तक्रार केली. त्यांनी नवा मंजूर केला.

रविवारी काका सायकलवरून घरी आले. आमच्या पुस्तकासाठी ठरलेल्याच स्वस्त कागदावर, वाया गेलेल्या तावांच्या पाठीवर, एकच पान दोन्ही टाइपांत हजारदा छापून त्यांनी शेवटचे दोन कागद आणले होते. चहा घेतला आणि नव्या टाइपचा कागद वडिलांपुढे धरला. "गुरुजी, वाचा बरं."

वडिलांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे वळवला. बारीक रेघा झिजून नुसत्या उभ्या काड्या उरल्या होत्या. "कोणाचं आहे हे? माझं नाही," म्हणून त्यांनी परत दिला. जुन्या टाइपचा मात्र बोट ठेवून, वर्गातल्या आवाजात, शेवटपर्यंत वाचला.

दारात काकांनी मला विचारलं, "पुस्तक गुरुजीसाठी छापून राहिले, का कपाटासाठी?"

पुस्तक जुन्या टाइपात निघालं. काकांनी गठ्ठ्याच्या तळातली, अगदी शेवटची प्रत ओढून वडिलांसाठी दिली. वडिलांनी ती दोनदा वाचली. मग दिसणं संपलं.

काही वर्षांनी काका वारले, तेव्हा मालक सहज म्हणाले, "तुमची ती तक्रार मी गजभियेंना त्याच दिवशी सांगितली होती."

म्हणजे त्या रविवारी माझ्या हातचा चहा पिताना त्यांना सगळं ठाऊक होतं. मी माफी कधीच मागितली नाही. अजून लाज वाटते.